मान मोडून लिहू नका

भरली घागर डोक्यावर घेऊन बाई विहिरीवरून ताठ चालत येते. तीच बाई रात्री वर्गात अर्धा तास पाटी गिरवते आणि मान चोळत उठते. हे कसे?

घागरीकडेच पाहा. डोक्यावर असली की तिचा भार सरळ खाली उतरतो. तीच घागर हात लांब करून समोर धरा बरे! शंभर आकडे म्हणेपर्यंत हात भरून येतील. वजन तेच, जागा बदलली.

आपले डोके सुमारे ५ किलोचे असते. ते मानेच्या ७ मणक्यांवर बसलेले आहे. मान सरळ असली तर मणके हा भार पेलतात. डोके पुढे झुकले की मानेमागच्या स्नायूंना, म्हणजे मांसाच्या दोरांना, ते ओढून धरावे लागते. घडीभर काही वाटत नाही. तासभर तसेच बसलात की ते आखडतात. पोक काढून बसले की कमरेची तीच गत.

जुने मुनीम उतरत्या फळीचे बैठे मेज वापरीत. वही त्यांच्या डोळ्यांकडे येई, त्यांना वहीकडे वाकावे लागत नसे. मोठी शहाणपणाची वस्तू! तुम्हांला ती विकत घ्यायला नको. समोर पाट मांडा आणि त्याच्या पलीकडच्या कडेखाली वीट सरकवा. झाले उतरते मेज. पाठ भिंतीला टेका. कमरेच्या खळग्यात टॉवेलची गुंडाळी ठेवा. हे पुस्तकसुद्धा भुईवर ठेवून वाचू नका, हातात उचलून धरा. मोबाइलही तसाच.

खुर्चीवर बसणाऱ्याचे पाय लोंबकळू नयेत. खाली फळी ठेवावी. मेज कोपराच्या उंचीला असावे. पंचायतीत संगणक असेल, तर पडद्याची वरची कड साधारण डोळ्यांसमोर यावी. पडदा फार खाली असेल तर त्याखाली जुन्या वह्यांचा गठ्ठा चालतो.

कित्येकांचे दुखणे मानेचे नसतेच, डोळ्यांचे असते. अक्षर नीट दिसेनासे झाले की माणूस वहीत नाक खुपसतो. आमच्या गावच्या दूध सोसायटीचे लेखनिक मानेला तेल चोळून थकले. चष्मा घेतला, आणि मान आपोआप वर आली. दिवाही पुरेसा हवा.

आम्ही मास्तर मंडळी 'ताठ बस' म्हणून पोरांवर ओरडत असू. पण ताठ तरी माणूस किती वेळ बसणार? खरा उपाय उठण्याचा आहे. दर अर्ध्या तासाने उठा, खांदे फिरवा, अंगणात जाऊन या. हिशेब कुठे पळत नाही.

एवढे करूनही मान किंवा पाठ धरली, तर गरम पाण्याच्या पिशवीने शेका. अंथरूण धरू नका, जमेल तसे हिंडते-फिरते राहा. बहुतेकांना काही दिवसांत उतार पडतो. कोणाकडून मान झटका देऊन मोडून घेऊ नका. हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, पकड सैल झाली, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवी आवरेना, तर शेकत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पडल्यावर मान दुखू लागली तरीही तसेच करा.