क्युरेटर व्हायचंय म्हणते? होऊ द्या, पण पायरीपायरीनं

बारावी झालेली मुलगी ‘मला समकालीन कलेची प्रदर्शनं क्युरेट करायची आहेत’ म्हणाली, की आईबाबांच्या पोटात गोळा येतो. नातेवाइकांना काय सांगायचं इथपासून म्हातारपणी हिचं काय होईल इथपर्यंत काळजी धावते. ती काळजी खोटी नाही. पण नकार देण्याआधी हे काम नेमकं काय आहे ते पाहा.

प्रदर्शनामागचा विचार ठरवायचा, त्याला साजेसे कलाकार शोधायचे, कोणती कलाकृती कशाशेजारी राहील ते ठरवायचं आणि हे सगळं का केलं ते प्रेक्षकाला लिहून सांगायचं, ही क्युरेटरची जबाबदारी. पूर्वी संग्रहालयात अभिरक्षक असे. संग्रह सांभाळणं, त्याच्या नोंदी ठेवणं हे त्याचं काम. आजचा स्वतंत्र क्युरेटर ठळकपणे पुढे आला तो १९६९ साली, स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात. हाराल्ड झेमान तिथल्या कुन्स्टहाले या कलादालनाचे संचालक होते. ‘व्हेन अ‍ॅटिट्यूड्स बिकम फॉर्म’ या प्रदर्शनासाठी त्यांनी नुसत्या तयार कलाकृती मागवल्या नाहीत, अनेक कलाकारांना तिथंच येऊन काम करू दिलं. लॉरेन्स वायनर यांनी भिंतीवरचं चौकोनी प्लास्टर खरवडून काढलं, तीच कलाकृती. मायकल हायझर यांनी इमारतीसमोरचा रस्ता लोखंडी गोळ्यानं फोडला. गावात गदारोळ उठला आणि त्याच वर्षी झेमान यांनी पद सोडलं. तीन वर्षांनी मात्र जर्मनीतल्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा ५’ या महाप्रदर्शनाची सूत्रं त्यांच्याच हाती होती. पदाच्या खुर्चीशिवायही प्रदर्शन उभं करता येतं, हे त्यांनी दाखवलं.

आपल्याकडे या कामाला वलय मिळालं ते २०१२ साली, कोची-मुझिरिस बिएनाले या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनामुळे. ते सुरू करणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघेही मुंबईच्या सर जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेले. २०१४ची आवृत्ती जितीश कल्लाट यांनी, २०१६ची सुदर्शन शेट्टी यांनी क्युरेट केली; तेही जे.जे.चेच. २०२५मध्ये सुरू झालेल्या आवृत्तीची जबाबदारी निखिल चोप्रा आणि गोव्याच्या एचएच आर्ट स्पेसेस या कलाकारसमूहाकडे आली. हे सगळे मुळात कलाकार. २०११ साली व्हेनिस बिएनालेतलं भारताचं दालन क्युरेट करणारे रणजित होस्कोटे कवी आणि समीक्षक. या पेशाला एकच दरवाजा नाही, एकच प्रवेशपरीक्षा नाही. म्हणूनच पालकांना तो अधांतरी वाटतो आणि म्हणूनच तो वेगवेगळ्या वाटांनी येणाऱ्या मुलांना खुला आहे.

आता पडद्यामागे चला. पेटी उघडली की आधी कलाकृतीची स्थिती तपासायची: कोपरा दुमडलाय का, रंगाचा पोपडा सुटलाय का, कागदावर बुरशीचा ठिपका आहे का. प्रत्येक गोष्टीचा फोटो आणि नोंद, कारण विम्याचा दावा त्याच कागदावर उभा राहतो. कागदावरच्या कामावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश नको. चौकटीचा मध्य जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला. मग उसन्या कलाकृतींचे करार, कस्टम्सची कागदपत्रं, सुतार, इलेक्ट्रिशियन. २०२२ साली कोचीत मुख्य प्रदर्शन १२ डिसेंबरला उघडायचं होतं, ते २३ डिसेंबरला उघडलं. बंदरात अडकलेला माल आणि पाऊस ही त्यामागची काही कारणं. कल्पना कितीही थोर असो, पेटी वेळेवर पोचली नाही तर भिंत रिकामी राहते. ज्या मुलांना फक्त उद्घाटनाची संध्याकाळ दिसते, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

शिक्षणाचं म्हणाल तर कलेतिहासाचा पाया हवाच. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेतिहास शिकता येतो, शिवाय १९५२पासून म्युझिऑलॉजीचा विभाग आहे. दिल्लीत जेएनयूचं कला आणि सौंदर्यशास्त्राचं स्कूल आहे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयानं कलेतिहास आणि क्युरेशनचा पदव्युत्तर डिप्लोमा चालवला आहे. यंदाच्या अटी आणि शुल्क संग्रहालयाकडेच विचारा. कला महाविद्यालयातल्या मुलांसाठी कोचीची स्टुडंट्स बिएनाले ही उत्तम शाळा आहे. कर्ज काढून लगेच लंडनची पदवी घेऊ नका. आधी एखाद्या गॅलरीत वर्षभर काम करू द्या. याद्या करणं, पेट्या उघडणं, लेबलं लावणं जमलं आणि आवडलं, तर परदेशाचा विचार खुशाल करा.

पैशाबद्दल स्पष्ट बोलू. कायम पगाराच्या जागा कमी आहेत. गॅलऱ्या, संग्रहालयं, खासगी संग्रह, लिलावगृहं, कला महोत्सव इथं कामं मिळतात. स्वतंत्र क्युरेटरला प्रदर्शनागणिक मानधन मिळतं आणि दोन प्रदर्शनांच्या मधले महिने कोरडे जाऊ शकतात. त्यामुळे अध्यापन, लेखन, संपादन, डिझाइन यांपैकी एक जोडकौशल्य पहिल्या दिवसापासून कमवायला हवं. त्यात मला लेखन सर्वांत मोलाचं वाटतं. मुंबईतल्या कितीतरी प्रदर्शनांत भिंतीवरचा मजकूर फक्त इंग्रजीत असतो आणि दारापर्यंत आलेला मराठी माणूस अवघडून परत फिरतो. सोप्या, नेमक्या मराठीत कलाकृतीबद्दल लिहिणारा तरुण क्युरेटर आपल्याला तातडीनं हवा आहे.

आईबाबांना एक विनंती. या रविवारी मुलीबरोबर एखादं प्रदर्शन पाहायला जा. घरी आल्यावर तिला एक पान लिहायला सांगा: या कलाकृती याच क्रमानं का मांडल्या असतील, तिनं काय बदललं असतं? सलग पाच-सहा प्रदर्शनांनंतरही ती न कंटाळता असं लिहीत असेल, तर तिला कलेतिहासाला प्रवेश घेऊ द्या.