आधी पाया की सोबत आधार? : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा अनुभव

अमेरिकेत शालेय शिक्षणानंतर दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालविणारी, तुलनेने अल्प शुल्क घेणारी आणि प्रवेशासाठी सहसा गुणांची अट न घालणारी सार्वजनिक महाविद्यालये ‘कम्युनिटी कॉलेज’ या नावाने ओळखली जातात. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली सुरू झालेले महाविद्यालय त्यांतील पहिले मानले जाते; आज त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. घरातून प्रथमच उच्च शिक्षणाची पायरी चढणारे, दिवसा नोकरी करणारे, स्थलांतरित, कृष्णवर्णीय व लॅटिनो कुटुंबांतले विद्यार्थी येथे मोठ्या संख्येने येतात. दार सर्वांना उघडे आहे. मात्र आत आलेल्यांपैकी पदवी घेऊन बाहेर किती पडतात, हा प्रश्न तेथील शिक्षकांना दीर्घकाळ अस्वस्थ करीत आला आहे.

या प्रश्नावरील जुने उत्तर आपल्याही ओळखीचे वाटेल : विद्यार्थी कच्चा आहे, तर आधी त्याचा पाया पक्का करा. प्रवेशाच्या वेळी गणित व इंग्रजीची एक छोटी चाचणी घ्यायची आणि तीत कमी पडलेल्यांना पूर्वतयारीच्या वर्गांत बसवायचे. गणितात तर अंकगणित, प्राथमिक बीजगणित, पुढचे बीजगणित अशा दोन-दोन, तीन-तीन पायऱ्या असत. या वर्गांचे शुल्क भरावे लागे. परंतु पदवीच्या श्रेयांकांत त्यांची गणना होत नसे.

हेतू चांगला होता, पण हिशेब चुकत होता. समजा, प्रत्येक पायरीवर १०० पैकी ७० विद्यार्थी उत्तीर्ण होऊन पुढच्या वर्गात नाव नोंदवितात. वरवर पाहता हे प्रमाण वाईट नाही. तरीही दुसऱ्या पायरीनंतर ४९ आणि तिसरीनंतर अवघे ३४ उरतात. मधल्या काळात कुणाची नोकरीची वेळ बदलते, कुणाच्या घरी आजारपण येते, कुणाची शिष्यवृत्ती संपते. ज्या विषयासाठी मूल महाविद्यालयात आले, त्याचे तोंडही न पाहता ते घरी परतते आणि ‘आपल्याला जमले नाही’ अशी समजूत करून घेते. ही समजूत मला गुणपत्रिकेतील नापासाच्या शेऱ्यापेक्षा अधिक घातक वाटते.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्याशी संलग्न असलेल्या टीचर्स कॉलेजमध्ये १९९६ पासून कम्युनिटी कॉलेजांचा अभ्यास करणारे एक संशोधन केंद्र आहे. प्रवेशाच्या चाचणीपेक्षा शाळेतील अनेक वर्षांचे एकत्रित गुण विद्यार्थ्याच्या पुढील वाटचालीचा अधिक चांगला अंदाज देतात आणि चाचणीमुळे अनेक सक्षम विद्यार्थी उगाच खालच्या वर्गांत पाठविले जातात, हे तेथील अभ्यासातून पुढे आले.

मग न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतील तीन कम्युनिटी कॉलेजांत २०१३ साली एक प्रयोग झाला. प्राथमिक बीजगणिताच्या पूर्वतयारीची गरज आहे असे ठरविलेल्या सुमारे ९०० विद्यार्थ्यांची, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, तीन गटांत विभागणी करण्यात आली. पहिल्या गटाला नेहमीचा बीजगणिताचा वर्ग मिळाला. दुसऱ्याला तोच वर्ग व सोबत साप्ताहिक कार्यशाळा. तिसऱ्याला मात्र थेट महाविद्यालयीन पातळीचे संख्याशास्त्र आणि सोबत साप्ताहिक कार्यशाळा. पहिल्या गटातील ३९ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले, तर संख्याशास्त्र घेतलेल्यांपैकी ५६ टक्के. ज्यांना खालच्या वर्गाची गरज आहे असे ठरविले होते, त्यांनी वरचा विषय अधिक प्रमाणात पार केला. अर्थात ४४ टक्के तरीही राहिलेच, हे विसरून चालणार नाही. पुढे कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदाच करून विद्यार्थ्यांना सरसकट पूर्वतयारीच्या वर्गांत अडकविण्यास आळा घातला.

साप्ताहिक कार्यशाळेत नेमके काय घडावे, याचे उत्तर एका जुन्या निरीक्षणात सापडते. ते कम्युनिटी कॉलेजातील नसून बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील आहे. यूरी ट्राइसमन या गणिताच्या अध्यापकाने १९७० च्या दशकात कलनशास्त्र शिकणारे कृष्णवर्णीय आणि चिनी वंशाचे विद्यार्थी अभ्यास कसा करतात, हे त्यांच्यासोबत राहून पाहिले. कृष्णवर्णीय विद्यार्थी आळशी नव्हते; ते सांगितलेले तास इमानाने, पण एकटेच बसत. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी स्वतंत्रपणे गणिते सोडवीत, नंतर एकत्र येऊन एकमेकांच्या चुका काढीत. मग ट्राइसमन यांनी सामूहिक अभ्यासाचे वर्ग सुरू केले आणि तेथे सोपी नव्हे, तर कठीण उदाहरणे दिली. निकाल लक्षणीय सुधारला. वसतिगृहात वाढलेल्या आपल्या वाचकांना सायंकाळच्या अभ्यासाची बैठक आठवेल. परंतु एका सभागृहात शेजारी बसून गुपचूप पाठांतर करणे आणि ‘हे तू कसे काढलेस?’ असे मित्राला विचारणे यांत फार अंतर आहे.

अध्यापन कितीही चांगले असले तरी विद्यार्थी वर्गापर्यंत पोहोचला पाहिजे. सिटी युनिव्हर्सिटीनेच २००७ मध्ये ‘अ‍ॅसॅप’ हा उपक्रम सुरू केला. पूर्णवेळ शिकण्याची अट, शुल्कातील उरलेल्या फरकाची माफी, पाठ्यपुस्तकांची सोय, सलग वेळापत्रक, शिकवणी आणि भुयारी रेल्वे व बसचा मोफत पास हे त्याचे भाग. पास मिळवायचा तर समुपदेशकाला भेटणे आले. एका समुपदेशकाकडे ६० ते ८० विद्यार्थी असत. एरवी हीच संख्या ६०० च्या वर जाई. तीन वर्षांत पदवी मिळविणाऱ्यांचे प्रमाण २२ वरून ४० टक्क्यांवर गेले. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, पण दर पदवीमागे तो कमी झाला. वेळापत्रकाची ही दृष्टी आपल्याला परकी नाही : पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले होते.

आपल्या विद्यालयातून मराठी माध्यमात शिकून विज्ञान वा वाणिज्य शाखेला गेलेली मुले पहिल्याच सहामाहीत इंग्रजी पाठ्यपुस्तकासमोर अडखळतात. त्यांना ‘आधी इंग्रजी सुधार, मग ये’ असे सांगण्याऐवजी, तोच धडा चालू असताना आठवड्यातून दोन तास त्यांच्यासोबत बसणारे कुणी हवे. हे काम तोच अभ्यासक्रम दोन-तीन वर्षांपूर्वी पूर्ण केलेले आपले माजी विद्यार्थी करू शकतील. यासाठी नेहमी पहिला येणारा विद्यार्थी शोधू नये. जो स्वतः अडखळत पुढे गेला, त्याला अडचण नेमकी कोठे येते हे ठाऊक असते. सहा-सात मुलांचा एक गट, एक फळा आणि ठरलेला वार एवढ्यावर पहिली सहामाही सुरू करता येईल.