आधी कॉम्प्युटर, मग पेनड्राइव्ह

मुलीच्या प्रकल्पाच्या प्रिंट काढायला मी पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. घरी येऊन तो लावला, तर आतल्या प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात छोटासा वाकडा बाण. आकार 1 केबी. अख्ख्या फोल्डरचा आकार एवढा कसा, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. मी डबल क्लिक केलं, फोल्डर नेहमीसारखा उघडला आणि मी निर्धास्त झाले.

तो क्लिकच नडला. ते फोल्डर नव्हतेच, शॉर्टकट होते. त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरसची लपलेली स्क्रिप्ट चालते आणि पाठोपाठ खरा फोल्डर उघडतो, त्यामुळे संशयच येत नाही. नुसता पेनड्राइव्ह लावल्यावर त्यातलं काही आपोआप सुरू होणं विंडोज 7 पासून बंद झालंय. म्हणून हा व्हायरस आपल्या क्लिकची वाट बघत बसतो.

दोन दिवसांनी दुसऱ्या पेनड्राइव्हवरही तेच बाण दिसले. मी घाबरले आणि पहिला सरळ फॉरमॅट करून टाकला. त्यात आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आई आता नाही, आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती.

फाइली गेल्याच नव्हत्या हो! व्हायरसने त्या फक्त लपवल्या होत्या. कमांड प्रॉम्प्टमधल्या ‘अ‍ॅट्रिब’ या एका कमांडने त्या पुन्हा दिसल्या असत्या. फॉरमॅटनंतरही त्यावर काही न टाकता तो डेटा रिकव्हरीवाल्याकडे नेला असता, तर आशा होती. मी लगेच त्यावर फोटो भरले, आणि मिनिटभरात त्या फोल्डरलाही बाण फुटला. कारण व्हायरस एव्हाना कॉम्प्युटरमध्येच मुरला होता. लावाल तो पेनड्राइव्ह तो बाधित करत होता.

म्हणून कळकळीने सांगते, बाण दिसले तर फॉरमॅट करू नका. सगळे पेनड्राइव्ह काढा, इंटरनेट बंद करा आणि आधी कॉम्प्युटर साफ करा. विंडोज सिक्युरिटीमध्ये डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन असतं. ते कॉम्प्युटर रीस्टार्ट करून, विंडोज सुरू होण्याआधीच तपासतं, त्यामुळे व्हायरसला जागं व्हायला वेळ मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. मग टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत अनोळखी काही दिसतंय का ते बघा. त्यानंतर घरातले सगळे पेनड्राइव्ह शोधून, न उघडता, एकेक स्कॅन करा. दप्तरातला, गाडीत गाण्यांसाठी लावलेला, सगळे. आमच्याकडे एक शिवणाच्या डब्यात निघाला. तो राहिला असता तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड मोबाइलवरून बदला, बाधित कॉम्प्युटरवरून नव्हे. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साफसफाईची साधनं फुकट मिळतात, तीही वापरा.

झेरॉक्सच्या दुकानात आता मी पेनड्राइव्ह नेतच नाही, पीडीएफ मोबाइलवरून पाठवते.

मावशीला आठवतात तेवढ्या ओव्या दिवाळीत रेकॉर्ड केल्या. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, एक भावाकडे, एक कपाटातल्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क मी कॉपी झाली की लगेच काढून ठेवते. जोडलेली राहिली तर व्हायरस तिथेही पोहोचतो.