मासळीच्या पाकिटावरील एक ओळ

कोळंबीचे लोणचे, बाल्चांव घरी करून बाटलीबंद विकणाऱ्या भगिनी आपल्यात बऱ्याच आहेत. त्यांच्यासाठी हे थोडे.

काही माणसांना कोळंबी-खेकडा मुळीच सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वास कोंडून जिवावर बेतते. नीट शिजवले की दोष जातो, असे आम्हीही समजत होतो. ते खरे नाही. कोळंबीतील ज्या प्रथिनामुळे हा त्रास होतो, ते उकळूनही टिकते. तेव्हा खाणाऱ्याला आधी कळणे हाच उपाय.

भारतातील २०२० च्या लेबलविषयक नियमांप्रमाणे पाकिटबंद पदार्थात मासे किंवा कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी प्राणी घातले असतील, तर 'कंटेन्स', म्हणजे 'यात आहे', असे लिहून त्यांचे नाव छापावे लागते. ज्या फळीवर कोळंबी सोलली तिच्यावरच बांगडा कापला, आणि कोळंबीचा अंश लागण्याचा संभव असला, तर 'मे कंटेन', म्हणजे 'असू शकते', असे वेगळे लिहिण्याची तरतूद आहे. कोळंबी काळी पडू नये म्हणून काहीजण ती सल्फाइटच्या पाण्यात बुडवतात. दम्याच्या काही रोग्यांना ते बाधते. किलोमागे १० मिलिग्रॅम वा अधिक सल्फाइट असल्यास तेही सांगावे लागते.

तिसऱ्या-कालवे युरोपच्या यादीत आहेत, आपल्या यादीत नाहीत. म्हणून घटकांची नावे पूर्ण वाचावीत. बाल्चांवात वाटून घातलेली सुकी कोळंबी तर डोळ्यांना दिसतही नाही. तिचे नाव बाटलीवर ठळक लिहावे.

बाजारातल्या पाटीला लेबल नसते. तेथे विचारूनच घ्यावे.