गिऱ्हाइकाची बाइक लांब न्यायचीय? आधी बांधायला शिका



मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "सर, पिकअप आहे किंवा घेतोय. बाइक ट्रान्सपोर्टचं काम सुरू करू का?" करा की! पुण्याहून बेंगळुरूला बदली झालेली नोकरदार मंडळी आहेत, कॉलेज संपवून गावी निघालेली मुलं आहेत. आठशे-साडेआठशे किलोमीटर बाइक चालवत न्यायला सगळेच तयार नसतात. काम आहे. पण या धंद्यात आपण फक्त वाहतूक विकत नाही. "माझी गाडी जशी दिली तशी मिळेल" हा भरवसा विकतो. आणि तो भरवसा चार पट्ट्यांवर उभा असतो.

माझी चूक आधी सांगतो

दुकान सुरू करून दुसरं वर्ष होतं. एका गिऱ्हाइकाची बुलेट पुण्याहून साताऱ्याला आणायची होती. भाडं ठरलं १,८०० रुपये. मी गाडी हौद्यात साइड स्टँडवर उभी केली, हँडलला नायलॉनची दोरी बांधली, दोन गाठी मारल्या आणि निघालो. खंबाटकीच्या वळणांवर मागून धाडकन आवाज आला. टाकीला पोचा, हँडल वाकडं, आरसा फुटलेला. दुरुस्तीचे १३,४०० रुपये मी भरले. म्हणजे सात फेऱ्यांपेक्षा जास्त भाडं एका गाठीत गेलं. पैसे परत कमावले, पण ते गिऱ्हाईक पुन्हा माझ्या दुकानात आलं नाही. हा खरा तोटा.

गाडी का पडते?

हिशोब साधा आहे. क्लासिक ३५० चं वजन साधारण १९५ किलो. मालबांधणीच्या युरोपीय नियमांत असं धरतात की जोरात ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढे येतो आणि वळणावर ०.५ पट जोर बाजूला येतो. म्हणजे ब्रेकला सुमारे १५६ किलोचा धक्का पुढे, वळणाला सुमारे ९८ किलोचा धक्का बाजूला. हा जोर साइड स्टँडने पेलायचा? तो उभ्या गाडीचा भार पेलायला असतो, धावत्या पिकअपमधले धक्के खायला नाही.

दुसरं कारण म्हणजे शॉकअप. खड्डा आला की शॉकअप दबतो आणि गाडी क्षणभर खाली जाते. बांधणी सैल असेल तर तेवढ्या वेळात पट्टा ढिला पडतो आणि हूक कडीतून निसटतो. नायलॉनची दोरी तर ताणली जाते, भिजली की आणखीच. म्हणून दोरी नको, रॅचेटचे पट्टे घ्या.

सामान काय लागेल?

- एका बाइकला चार रॅचेट पट्टे, शिवाय एक जास्तीचा. हूकला लॉकची पट्टी असलेलेच घ्या.
- चार मऊ कापडी फासे. लोखंडी हूक थेट गाडीला लावायचा नाही, रंग जातो.
- पुढचं चाक अडकवायची लोखंडी चौकट. जवळच्या वेल्डिंगवाल्याकडून बनवून हौद्याला बोल्ट करून घ्या.
- गाडी चढवायला रुंद, मजबूत फळी.

पट्टा घेताना त्यावर शिवलेलं लेबल वाचा. नुसती तुटण्याची ताकद लिहिली असेल, तर वापरताना तिच्या एक तृतीयांशापर्यंतच भार धरा. लेबलच नसेल तर पट्टा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

बांधायचं कसं? क्रम चुकवू नका

१. फळी आधी पिकअपला बांधा. चाक चढताना फळी मागे सरकते आणि अपघात तिथेच होतो. दोन माणसं हवीतच. गाडीवर बसून चढवू नका.

२. पुढचं चाक सरळ चौकटीत बसवा. चौकट हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकलेली हवी, म्हणजे ब्रेकचा जोर भिंत घेते. हँडल लॉक करू नका, चाक वाकडं राहतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा.

३. पुढचे दोन पट्टे. फासा हँडलच्या टोकाला किंवा ग्रिपला नाही. पुढच्या दोन शॉकअपना जोडणारी खालची जाड पट्टी असते, तिला डावी-उजवीकडून एकेक फासा घाला. पट्टे पुढे, खाली आणि बाहेरच्या बाजूला, अंदाजे ४५ अंशात ओढा. ब्रेकची वायर किंवा नळी मध्ये सापडत नाही ना, हे बोटाने चाचपून बघा.

४. दोन्ही बाजू आळीपाळीने कसा. एक बाजू आधीच पूर्ण कसली तर गाडी त्या बाजूला झुकते. पुढचा शॉकअप साधारण निम्मा दबला की थांबा. पूर्ण दाबून ठेवला तर लांबच्या प्रवासात ऑइल सील गळायला लागतं आणि बिल तुमच्याच नावावर येतं.

५. आता साइड स्टँड वर करा. गाडी पट्ट्यांवर सरळ उभी राहायला हवी.

६. मागचे दोन पट्टे. मागच्या फूटरेस्टच्या लोखंडी पट्टीला किंवा चेसिसला फासा घाला. इंडिकेटर, प्लॅस्टिक, सायलेन्सर यांना हात नको. पट्टे मागे आणि खाली ओढा. यांचं काम मागचं चाक उडू आणि सरकू न देणं. पुढच्याइतके कसायची गरज नाही.

७. पट्ट्याची उरलेली टोकं गुंडाळून बांधा. वाऱ्यावर फडफडली तर रंग खरवडतात. सैल कव्हरही त्याच कारणाने नको.

शेवटी परीक्षा: हँडल धरून गाडी जोरात हलवा. गाडीबरोबर पूर्ण पिकअप हलली पाहिजे. गाडी एकटी हलत असेल तर पुन्हा कसा.

पेट्रोल अगदी कमी ठेवा. रेल्वे तर टाकी रिकामी केल्याशिवाय बाइक पार्सलला घेतच नाही. त्यामागचं कारण आपल्यालाही लागू आहे.

रस्त्यात थांबायचं

सुरुवातीच्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये शॉकअप आणि पट्टे जागेवर बसतात आणि बांधणी थोडी सैल होते. पुण्याहून निघालात तर खेड शिवापूरच्या टोलनाक्यापुढे पहिला थांबा घ्या, म्हणजे खंबाटकी चढायच्या आधी तपासणी होते. नंतर दर शंभर-दीडशे किलोमीटरला आणि प्रत्येक चहाच्या वेळी चारही पट्टे हाताने दाबून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

ट्रेलर ओढणार असाल तर

वरचं सगळं तसंच, शिवाय तीन गोष्टी. वजन ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे ठेवा. एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार जोडावर यायला हवा. वजन मागे गेलं तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डुलतो आणि पुढची गाडीही ओढून नेतो. निघण्याआधी ट्रेलरच्या टायरची हवा, जोडाची पिन, सुरक्षा साखळी आणि मागचे दिवे बघा. आणि ट्रेलरची आरटीओत वेगळी नोंदणी लागते, हे विसरू नका.

धंद्याचे कागद

- पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीतून भाडं घेऊन माल नेता येत नाही. पिवळी प्लेट हवी.
- चढवण्याआधी गिऱ्हाइकासमोर गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. जुने ओरखडे पावतीवर लिहा, सही घ्या. उतरवताना पुन्हा तेच.
- आरसी, विमा आणि मालकाच्या ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा.
- पिकअपच्या विम्यात आतला माल आपोआप येत नाही. मालाचा ट्रान्झिट विमा वेगळा घ्या आणि त्याचा खर्च भाड्यात धरा.

भाडं सांगताना डिझेल, टोल, ड्रायव्हर एवढंच मोजू नका. पट्ट्यांची झीजही मोजा. कडा उसवलेला किंवा उन्हाने कडक झालेला पट्टा त्याच दिवशी कापून टाका, म्हणजे घाईत कोणी पुन्हा वापरणार नाही.

गृहपाठ

या आठवड्यात स्वतःची बाइक पिकअपवर चढवा, बांधा आणि गावाबाहेरच्या खडबडीत रस्त्यावर तीस किलोमीटर फिरवून आणा. किती सैल झाली ते वहीत लिहा. मग पुन्हा बांधा. तीनदा करा. पहिली चूक स्वतःच्या गाडीवर होऊ द्या, गिऱ्हाइकाच्या नाही. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतोय.

भेटू पुढच्या धड्यात. धंदा करा, पण घट्ट बांधून करा!