डिस्क बिघडली की केबल?
रायपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत घरगुती स्टोअरेज सर्व्हरने एखादी डिस्क सदोष दाखविल्यास ती तत्काळ बदलण्याची घाई करू नये. प्रथम ‘स्मार्ट’ नोंदी पाहाव्यात. क्रमांक १९९ चा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा असतो. केबल बदलल्यावर हा आकडा शून्यावर येत नाही. केवळ वाढायचा थांबतो. ५ व १९७ वाढत असल्यास मात्र डिस्कचे सेक्टरच खराब होत आहेत, असे समजावे. रेड-५ रचना एकाच डिस्कचे नुकसान सोसते. पुनर्बांधणीच्या ताणाने दुसरी कोसळल्यास सर्व माहिती जाते. म्हणून आधी स्वतंत्र प्रत घ्यावी. नंतर अनुक्रमांक जुळवूनच सदोष डिस्क काढावी. घाईत चांगलीच डिस्क उपसली जाण्याचे प्रकार विरळ नाहीत!