चौकात बसून चालवलेला कारभार

स्वित्झर्लंड हा युरोपातला डोंगराळ देश आहे. त्यात ग्लारुस नावाचा एक लहानसा प्रांत आहे. वस्ती साधारण 40,000. या प्रांताची रीत आपण पाहू या.

तिथे प्रांताचा कायदा मतदार स्वतः करतात. वर्षातून एकदा, मे महिन्यात, रविवारी ते मोकळ्या चौकात रिंगण करून जमतात. बोलायचं असेल त्या मतदाराला बोलता येतं. मग हातातलं कार्ड वर करून मत द्यायचं. अध्यक्ष नजरेनेच अंदाज घेतो आणि कौल सांगतो.

पूर्वी या प्रांतात 25 ग्रामपंचायती होत्या. काही अगदी लहान. पैसा अपुरा पडे. कारभार पाहायला माणसं मिळत नसत. तेव्हा सरकारने योजना आखली, की 25 च्या 10 पंचायती कराव्यात. 7 मे 2006 रोजी ती सभेपुढे आली. तेव्हा एका साध्या मतदाराने उपसूचना मांडली, की 10 नकोत, 3 च असाव्यात. आणि सभेने तीच मान्य केली! सरकारने मागितलं त्याहून जास्त लोकांनी दिलं.

पुष्कळांना हे पटलं नाही. म्हणून 25 नोव्हेंबर 2007 रोजी खास सभा भरली. लोकांनी पुन्हा विचार केला, आणि 3 च कायम केल्या. 1 जानेवारी 2011 पासून तसा कारभार सुरू झाला.

यात तोटा नाही असं आम्ही म्हणत नाही. गावची पंचायत गेली, की कचेरी घरापासून लांब जाते. शिवाय आजारी माणूस चौकात येऊ शकत नाही. शेजाऱ्यांच्या देखत कार्ड वर करायला धीर लागतो. आणि बायकांना तर देशाच्या कारभारात मत 1971 साली मिळालं!

तरी धडा मोठा आहे. योजना अधिकारी आखतात, पण ती लोकांना पटवून द्यावी लागते. शेवटचा शब्द लोकांचा.

आपल्याकडे ग्रामसभा आहे. तिचे अधिकार वेगळे आहेत. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. जो सभेला येत नाही, त्याचा हात कोणी धरीत नाही.

प्रश्न
1. सरकारला किती पंचायती हव्या होत्या? लोकांनी किती ठरवल्या?
2. उघड मतदानात कोणती अडचण आहे?
3. मागच्या ग्रामसभेला तुम्ही गेला होता का? तिथे काय ठरलं, ते चार ओळींत लिहा.